आगगाडी की भाड्याची मोटार?

बंगळुरातील मराठी घरांत पूर्वी उन्हाळ्याची सुटी जवळ आली की गावी जाण्याची चर्चा सुरू होई. कोणत्या तारखेला निघायचे, मिरजेला गाडी मिळेल की चुकेल, बरोबर पाण्याची किती भांडी घ्यायची, असे तिचे विषय असत. आज त्याच घरांत दुसरी एक चर्चा ऐकू येते. कोणाचा मुलगा श्टुटगार्टला नोकरीला असतो, कोणाची मुलगी हॉलंडमध्ये शिकत असते. ती आईवडिलांना लिहितात, ‘या, आणि एवढे लांब येताच आहात, तर चार देश पाहूनच जा.’ निमंत्रण गोड असते. पण ते स्वीकारताच एक प्रश्न उभा राहतो. या चार देशांतून हिंडायचे कशाने? आगगाडीने, की मोटार भाड्याने घेऊन?

हा वाद बंगळुरात रंगावा, हे एका परीने योग्यच आहे. या शहराच्या यलहंका भागात रेल्वेच्या चाकांचा मोठा कारखाना आहे. १९८४ पासून तेथे रेल्वेच्या डब्यांची चाके आणि आस तयार होत आले आहेत. शहराच्या दुसऱ्या अंगाला अडुगोडी येथे ‘मायको’चा कारखाना उभा राहिला. ही कंपनी १९५१ साली स्थापन झाली, ती आज ‘बॉश’ या नावाने ओळखली जाते, आणि इंजिनांना लागणारे इंधनपंप व स्पार्क प्लग यांसाठी तिची ख्याती आहे. रूळ आणि रस्ता या दोहोंची भाकरी खाणाऱ्या या गावाने दोघांतील एकाची बाजू घाईने घेऊ नये, हेच बरे.

या प्रश्नात पुष्कळ काही गुंतलेले आहे. पंधरा दिवसांच्या अशा प्रवासाला मध्यम स्थितीच्या कुटुंबाची कित्येक वर्षांची शिल्लक लागते. बहुतेक वडीलधाऱ्यांच्या आयुष्यात हा प्रवास एकदाच घडतो. वाहन चुकले, तर पैशांबरोबर दिवसही जातात. आणि रस्त्यावर काही अनिष्ट घडले, तर परक्या मुलुखात त्याचे निस्तरणे फार कठीण असते. म्हणून ही निवड हौसेवर सोपवून चालत नाही. तिचा नीट विचार केला पाहिजे.

पन्नास-साठ सालच्या सुमारास आपल्याकडून जे लोक युरोपात गेले, त्यांच्यापुढे हा पेचच नव्हता. मुंबईला बोटीत बसावे, सुवेझ कालव्यातून जाऊन इटलीच्या किंवा फ्रान्सच्या बंदरात उतरावे, आणि तेथून आगगाडीने पुढे जावे, हा तेव्हाचा परिपाठ होता. १९५९ साली युरोपातील काही रेल्वे कंपन्यांनी मिळून परदेशी पाहुण्यांसाठी ‘युरेल’ नावाचा पास काढला. एकच पास घ्यावा आणि ठरलेल्या दिवसांत अनेक देशांतून फिरावे, अशी ती सोय होती. ती आजही आहे, आणि आज त्या पासात तेहतीस देश येतात. पुढे विमाने आली, मोटारी भाड्याने देणाऱ्या पेढ्या प्रत्येक विमानतळावर उघडल्या, आणि आपल्या मुलांच्या हाती घरची मोटार आली. तेव्हा कोठे हा प्रश्न जन्माला आला.

आता या प्रश्नाचे मर्म कोठे आहे ते पाहू. माझ्या मते ते वेगात नाही, आणि केवळ खर्चातही नाही. ते सीमेत आहे. आपण एका देशात हिंडणार नसून अनेक देशांत हिंडणार आहोत, ही गोष्ट या विचारात नेहमी मागे पडते.

लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात मोझेल नदीच्या काठी शेंगेन नावाचे एक लहानसे गाव आहे. १४ जून १९८५ रोजी त्या गावापाशी नदीतील एका बोटीवर पाच देशांनी एक करार केला. आपापसातील सीमांवरची तपासणी हळूहळू उठवावी, असा त्याचा आशय होता. २६ मार्च १९९५ पासून तो प्रत्यक्ष अमलात आला. आज त्या व्यवस्थेत एकोणतीस देश आहेत. त्यांपैकी एका देशाचा व्हिसा मिळाला की उरलेल्या अठ्ठावीस देशांत थोड्या मुदतीसाठी मोकळेपणाने जाता येते. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र या मंडळीत नाहीत. त्यांचे व्हिसे निराळे. अधूनमधून एखादा देश काही कारणाने सीमेवरची तपासणी पुन्हा सुरू करतो. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर ती सुरू केली होती. म्हणून पासपोर्ट जवळ असावाच. पण एरवी राइन नदी ओलांडताना आपण एका देशातून दुसऱ्यात गेलो, हे पाट्यांवरची भाषा बदलल्यावरच ध्यानात येते.

अशा रीतीने माणसाला सीमा जवळजवळ उरली नाही. पण भाड्याच्या मोटारीला ती उरलेली आहे. मोटार ज्या देशात नोंदलेली, त्या देशाची ती नागरिक. तिचा विमा कोणत्या देशांत चालतो, हे करारात लिहिलेले असते. पेढीला न सांगता ती दुसऱ्या देशात नेली, तर तो विमाच निरुपयोगी ठरू शकतो. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर जायचे, तर तेथील वार्षिक चाळीस फ्रँकांचा कर भरलेला हवा. मोटार तासाभरासाठी जाणार असली, तरी कर वर्षाचाच. तेथे त्याहून कमी मुदतीची सोय नाही. ऑस्ट्रियात असाच कर आहे, पण तेथे तो थोड्या दिवसांसाठीही भरता येतो. फ्रान्स आणि इटलीत बहुतेक महामार्गांवर टोल आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, मोटार ज्या देशात घेतली त्याच देशात परत करावी, अशी पेढीची अपेक्षा असते. फ्रँकफुर्टला घेतलेली मोटार रोमला सोडली, तर ती परत नेण्याचा भुर्दंड आपल्यावर बसतो, आणि तो कित्येकदा मूळ भाड्याहून जड होतो. भाड्याचा आकडा पाहून हुरळलेल्या माणसाला हा दुसरा आकडा फार उशिरा दिसतो.

यावर कोणी म्हणेल, की रेल्वेलाही देशोदेशीचे निर्बंध असणारच. तसे ते आहेतच, आणि ते मोटारीच्या निर्बंधांहून अधिक बिकट आहेत. आपल्याला रुळांच्या रुंदीचा जाच चांगला ठाऊक आहे. पुणे ते मिरज हा मार्ग सत्तरीच्या आरंभी रुंद झाला, पण मिरजेच्या दक्षिणेचा मार्ग नव्वदीच्या दशकापर्यंत अरुंदच राहिला. त्या वीस-पंचवीस वर्षांत पुण्याहून मिरजेवरून बंगळूरला येणारा उतारू मिरजेच्या फलाटावर ट्रंका, वळकट्या आणि पोरे घेऊन एका गाडीतून दुसऱ्या गाडीत धावत असे. युरोपात फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर हाच प्रकार होता. फ्रान्सचे रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे, तर स्पेनचे जुने रूळ १६६८ मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ आपल्या ब्रॉड गेजएवढे. विजेचीही तीच तऱ्हा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांचा रेल्वेचा विद्युत्प्रवाह एका जातीचा, इटलीचा दुसऱ्या, हॉलंडचा तिसऱ्या.

पण रेल्वेने हे ओझे स्वतःच्या शिरावर घेतले. १९६९ साली बार्सिलोना आणि जिनीव्हा यांच्या दरम्यान अशी गाडी सुरू झाली, की जिची चाके सीमेवर आपली रुंदी बदलून घेत. पुढे स्पेनने नवे जलद मार्ग युरोपीय मापाचेच बांधले, आणि आज पॅरिसहून बार्सिलोनाला थेट गाडी जाते. निरनिराळ्या प्रवाहांवर चालणारी इंजिने तयार झाली. खिडकीशी बसलेल्या आजीबाईंना याचा पत्ताही लागत नाही. दोन्ही वाहनांतील खरा भेद मला येथे दिसतो. आगगाडीत सीमेचे ओझे गाडी वाहते. भाड्याच्या मोटारीत ते आपल्याला वाहावे लागते.

आता आगगाडीचे गुण सांगतो, आणि तिचे दोषही लपवत नाही.

पहिला गुण हा, की ती शहराच्या हृदयात नेऊन सोडते. झुरिक, मिलान, व्हिएन्ना यांची मुख्य स्थानके भर वस्तीत आहेत. फ्रँकफुर्ट, ॲम्स्टरडॅम, झुरिक या विमानतळांना तर लागूनच रेल्वेची स्थानके आहेत. विमानातून उतरावे आणि सामान ढकलत फलाटावर जावे, इतके ते सोपे आहे. दुसरा गुण वेगाचा. पॅरिस ते झुरिक हे अंतर जलद गाडी सुमारे चार तासांत तोडते. मोटारीला साडेसहा-सात तास लागतात, आणि वाटेतील विसावा निराळा. पॅरिसहून ब्रुसेल्स तर दीड तासाच्या आत येते. तिसरा गुण वेळापत्रकाचा. स्वित्झर्लंडने १९८२ पासून सर्व देशात ठरावीक अंतराने सुटणाऱ्या गाड्यांची पद्धत घातली. मोठ्या स्थानकांत गाड्या एकाच सुमारास येतात, उतारू अदलाबदल करतात, आणि गाड्या पुन्हा चहूकडे पांगतात. स्थानकाबाहेर पिवळी टपाल-बस आणि सरोवराच्या धक्क्यावर आगबोट हीदेखील त्याच घड्याळावर चालतात. एक पास घेतला की या तिन्हींत बसता येते.

आता दोष. युरेलचा पास खिशात असला म्हणजे जागा मिळालीच, असे नव्हे. फ्रान्स, स्पेन आणि इटली यांच्या जलद गाड्यांत, तसेच रात्रीच्या शयनगाड्यांत, पास असूनही जागेचे आरक्षण वेगळे पैसे देऊन करावे लागते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथे बहुतेक गाड्यांत त्याची सक्ती नाही. सुट्या तिकिटांचे दरही आधी घेतले तर स्वस्त, आयत्या वेळी घेतले तर डोळे पांढरे करणारे. आणि जर्मन गाडी म्हणजे घड्याळाचा काटा, ही आपली जुनी समजूत आता सोडलेली बरी. २०२४ साली जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच वेळेवर पोचल्या. आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडीही तेथे वेळेवर आली असेच धरतात. अपघातही चुकत नाहीत. आल्प्सच्या पोटातून जाणारा सत्तावन्न किलोमीटर लांबीचा गोथार्ड बोगदा १ जून २०१६ रोजी उघडला. १० ऑगस्ट २०२३ रोजी त्यात एक मालगाडी रुळांवरून घसरली, आणि तो पूर्ववत सुरू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर पुष्कळ गाड्या डोंगरावरच्या जुन्या मार्गाने वळसा घेत होत्या. तेव्हा दोन गाड्यांमध्ये दहा मिनिटांचे अंतर दाखवणारे तिकीट वृद्धांबरोबर घेऊ नये. निदान तासाभराची मोकळीक ठेवावी. एकाच तिकिटावर शेवटच्या मुक्कामाला एक तास उशीर झाला तर भाड्याचा चतुर्थांश, आणि दोन तास झाला तर निम्मे भाडे मागता येते, असा युरोपीय संघाचा नियम आहे. तो ठाऊक असावा.

पॅरिसविषयी एक इशारा. मुंबईला बोरीबंदरला उतरून बॉम्बे सेंट्रलची गाडी पकडायची म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. पॅरिसला तशी सहा मोठी स्थानके आहेत. उत्तरेकडून आलेली गाडी एका स्थानकात थांबते, आणि दक्षिणेकडे जाणारी दुसऱ्यातून सुटते. मध्ये शहर ओलांडावे लागते.

शेवटचा दोष सामानाचा. युरोपातील स्थानकांवर लाल डगल्यातील हमाल नाही. विमान कंपनीने तेवीस किलोच्या दोन पेट्यांची मुभा दिली, म्हणून त्या दोन्ही लाडू-चिवड्याने भरल्या, तर त्या प्रत्येक फलाटावर आपल्यालाच उचलाव्या लागतात. मुलाच्या घरचा खाऊ मुलाच्या घरी उतरवावा, आणि पुढच्या प्रवासाला प्रत्येकाने आपल्या हाताला पेलेल अशी एकच पेटी घ्यावी. हा नियम पाळला, तर आगगाडीचा अर्धा त्रास संपतो.

आता मोटारीकडे वळू. तिचे गुण मोठे आहेत. पेट्या एकदा मागे ठेवल्या की मुक्काम येईपर्यंत हात मोकळे. गुडघे दुखणाऱ्या आईला जिना चढावा लागत नाही. वाटेत द्राक्षमळा दिसला, थांबावेसे वाटले, थांबलो. खर्चाचा हिशेबही पाहावा. आगगाडीचे भाडे माणशी असते, मोटारीचे गाडीमागे. दोघे असतील तर पारडे बहुधा आगगाडीकडे झुकते. चौघे-पाच असतील तर ते मोटारीकडे झुकू लागते. मात्र भाड्यात इंधन, टोल, वाहनतळ, विमा आणि शहराच्या मध्यभागी रात्रभर मोटार उभी करण्याचा आकार मिळवल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. पेढी क्रेडिट कार्डावर अनामत रक्कमही अडकवून ठेवते. ते कार्ड चालकाच्याच नावाचे लागते, ही गोष्ट पुष्कळांना खिडकीशी गेल्यावर कळते.

परवान्याची व्यवस्था बंगळुरातच करून निघावे. आपण राहतो त्या भागातील आरटीओ कचेरीत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. १९४९ साली जिनीव्हा येथे झालेल्या करारानुसार तो दिला जातो, आणि एक वर्ष चालतो. पण तो मूळ परवान्याचे केवळ अधिकृत भाषांतर आहे. म्हणून मूळ परवाना घरी ठेवून चालत नाही. आपल्याकडे पायाने क्लच दाबून गिअर बदलण्याची सवय नसेल, तर आपोआप गिअर बदलणारी मोटार आधीच मागून ठेवावी. युरोपात ती सरसकट मिळत नाही, आणि भाडेही अधिक पडते.

पण परवान्याने हात तयार होत नाहीत. युरोपच्या मुख्य भूमीवर वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. स्वीडन पूर्वी आपल्यासारखे डावीकडून चाले. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे सबंध देशाने एकदम बाजू बदलली. त्यासाठी वर्षानुवर्षे तयारी केली, आणि त्या वेळी अनावश्यक वाहने रस्त्यावरून दूर ठेवली. जे एका राष्ट्राला इतके अवघड वाटले, ते आपण रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, झोप पुरी न झालेल्या डोळ्यांनी, परक्या विमानतळाच्या दारात करू पाहतो. सिल्क बोर्डच्या चौकात रोज तासभर काढणाऱ्या माणसाला धीर पुष्कळ असतो, हे मी मान्य करतो. परंतु तो धीर ताशी पंधरा किलोमीटरच्या गतीचा असतो. जर्मन महामार्गाच्या बऱ्याच भागांवर वेगाला मर्यादा नाही. ताशी १३० किलोमीटर ही नुसती शिफारस आहे. डावी पट्टी केवळ पुढे जाण्यासाठी असते. तेथे रमतगमत राहिलो, तर मागून येणारी मोटार आरशात दिसते न दिसते तोच पाठीशी येऊन ठेपते. फ्रान्स-जर्मनीत जेथे चौकात पाटी किंवा दिवा नसतो, तेथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. नवशिक्याची चूक बहुधा वळणावर होते. सरळ रस्त्यावर मन सावध असते, आणि वळताना जुनी सवय हात ओढून नेते.

इटलीत निराळाच सापळा असतो. तेथील अनेक जुन्या शहरांच्या गाभ्यात ठरलेल्या वेळी बाहेरच्या मोटारींना मज्जाव आहे. रस्त्याच्या तोंडाशी पाटी असते आणि वर कॅमेरा. शिपाई अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. काही महिन्यांनी जयनगरच्या किंवा मल्लेश्वरमच्या पत्त्यावर दंडाचा कागद येतो, आणि पेढीने नाव-पत्ता कळवल्याबद्दलचा आकार निराळा कापलेला असतो. आल्प्समध्ये फुरका, ग्रिम्सेल यांसारख्या खिंडींतील रस्ते हिवाळ्यात बर्फाने बंद होतात. ते साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच खुले असतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर बर्फाचे टायर लावावेच लागतात.

आणखी एक गोष्ट आपण हिशेबात धरीत नाही. मोटारीत पाच माणसे बसली, तर प्रवास चौघांचाच होतो. पाचवा रस्ता पाहतो. तो बहुधा घरचा मुलगा असतो. वर्षभर राबून त्याने रजा जमवलेली असते, आईवडिलांना बोलावलेले असते. आणि मागच्या आसनावरून ‘अरे, ते बघ शिखर!’ असा आवाज आला, की त्याला मान वळवता येत नाही. संध्याकाळी सर्व जण दिवसाच्या आठवणी काढतात, तेव्हा त्याच्या आठवणीत पाट्या, फाटे आणि वाहनतळ असतात. आगगाडीत हाच मुलगा आईसमोर बसतो, डबा उघडतो, तिच्याशी चार तास बोलतो. परदेशी गेलेल्या मुलाचे चार सलग तास ही आज दुर्मीळ वस्तू आहे. खर्चाच्या कोष्टकात तिला रकाना नाही, म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही.

मग मोटार घ्यायचीच नाही काय? तसे मी म्हणत नाही. आगगाडी शहरे जोडते; खेडी तिच्या हाती सर्वत्र लागत नाहीत. इटलीतील तोस्काना प्रांतात सान जिमिन्यानो नावाचे जुन्या मनोऱ्यांचे गाव आहे, तेथे रेल्वेचे स्थानकच नाही. त्याच प्रांतातील सायप्रसच्या रांगा आणि टेकड्यांवरची शेतघरे बसच्या वेळा सांभाळून पाहणे कष्टाचे आहे. जर्मनीच्या काळ्या अरण्यातील माथ्यावरचा रस्ता मोटारीनेच भोगावा. उलट, स्वित्झर्लंडमध्ये वेंगेन, म्युरेन, झेरमाट ही गावे अशी आहेत, की तेथे बाहेरच्या मोटारीला प्रवेशच नाही. झेरमाटला जाणाऱ्याने मोटार अलीकडच्या टेश गावी ठेवून रेल्वेत बसायचे असते. आणि ३४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखला तर १९१२ पासून आगगाडीच जाते. म्हणजे कोणते वाहन, हे बऱ्याच अंशी ती ती जागाच सांगते.

एक नमुना सांगतो. पंधरा दिवस आहेत. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटली पाहायचे आहेत, वाटेत फ्रान्सचे थोडे दर्शन घडले तर हवे आहे. बंगळूरहून फ्रँकफुर्टला उतरावे. त्या दिवशी मोटारीला हात लावू नये. विमानतळाच्या स्थानकातूनच गाडीने सुमारे दोन तासांत फ्रायबुर्ग गाठावे आणि झोपावे. दुसऱ्या दिवशी, मन ताजे असताना, तेथे तीन दिवसांसाठी मोटार घ्यावी. काळे अरण्य पाहावे. राइन ओलांडून फ्रान्समधील कोलमारला जावे आणि संध्याकाळी परत यावे. पेढीला आधी सांगितले असेल तर यात अडचण नसते, कारण मोटार घेतल्या ठिकाणीच परत जाते. ती परत करून पाऊण तासात आगगाडीने स्वित्झर्लंडमधील बाझेल, आणि तेथून आणखी तासाभरात ल्युत्सर्न. स्वित्झर्लंडचे चार-पाच दिवस पासावर, गाडी, बस आणि आगबोट यांनी. मग गोथार्डमार्गे मिलान, तेथून जलद गाडीने दोन तासांत फ्लॉरेन्स. फ्लॉरेन्सच्या जुन्या गाभ्याबाहेर दोन दिवसांसाठी दुसरी मोटार घ्यावी, सिएना आणि भोवतालचा मुलूख पाहावा, ती तेथेच परत करावी, आणि दीड तासात रोमला जाऊन विमानात बसावे. यात मोटार पाच दिवस आहे, पण एकदाही ती परक्या देशात सोडायची नाही, आणि एकाही मोठ्या शहराच्या गाभ्यात न्यायची नाही.

मात्र हा सारा बेत व्हिसाच्या अर्जाआधी आखावा लागतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जेथे प्रथम उतरायचे त्याच्याकडे. जून २०२४ मध्ये प्रौढांसाठी अर्जाचे शुल्क नव्वद युरो झाले, आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटे घेऊ नयेत, मग ती कितीही स्वस्त असोत.

तेव्हा, श्रोतेहो, आगगाडी की मोटार असा प्रश्न विचारण्याऐवजी, कोणता दिवस आगगाडीचा आणि कोणता मोटारीचा, असे विचारावे. मी तर साधा नियम सांगेन. सीमा आणि शहरे आगगाडीने ओलांडावी. खेडी आणि दऱ्याखोरी मोटारीने पाहावी. आणि मोटार जेथे घेतली तेथेच परत द्यावी. चालक एकच असेल आणि त्याला उजव्या बाजूची सवय नसेल, तर मोटारीचे दिवस आणखी कमी करावे. शेवटी आपण युरोप पाहायला जातो तसे आपल्या माणसांच्या सहवासालाही जातो. ज्या वाहनात घरातील प्रत्येकाला खिडकीबाहेर पाहता येते आणि एकमेकांकडेही पाहता येते, ते वाहन त्या दिवसापुरते योग्य समजावे.